ऑफिसातलं ध्यान: दहा मिनिटांत काय होतं आणि काय होत नाही

डिसेंबर आला की ऐरोली, घणसोली, महापे पट्ट्यातल्या कंपन्यांत आता एचआरची आणखी एक मेल येते. २१ डिसेंबर, जागतिक ध्यान दिन; दुपारी कॉन्फरन्स रूममध्ये सत्र; सगळ्यांनी यायचं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये हा दिवस जाहीर केला, आणि तो ठराव मांडणाऱ्या देशांत भारतही होता. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची दिवसाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकानं व खासगी आस्थापनांतली ९ वरून १० तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. नोकरदार माणूस या दोन्ही बातम्या शेजारी-शेजारी ठेवून वाचतो आणि विचारतो, तास वाढणार आणि त्यावर उतारा म्हणून आम्ही डोळे मिटून बसायचं का?

प्रश्न रास्त आहे. ध्यानाने मनाला एक ठराविक सवय लागते, ती कामात खरोखर उपयोगी पडते आणि ती लावून घ्यायला खर्च जवळजवळ शून्य आहे. पण ज्या परंपरांतून ध्यान आलं तिथे ते एकटं कधीच दिलं जात नव्हतं. त्याच्या आधी वागणुकीच्या अटी होत्या. कंपन्यांत आणताना आपण त्या अटी गाळल्या, आणि ध्यानावरच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

डोळे मिटून नेमकं करायचं काय?

ध्यान या एकाच नावाखाली तीन वेगळी कामं येतात. पहिलं, एकाच गोष्टीवर लक्ष टिकवणं. ती गोष्ट श्वास असेल, नाम असेल किंवा दिव्याची ज्योत. दुसरं, शरीरात आणि मनात जे जे उमटतं ते ढवळाढवळ न करता बघणं. विपश्यनेचा गाभा हा. तिसरं, स्वतःबद्दल आणि इतरांबद्दल मुद्दाम सद्भाव जागवणं, ज्याला बौद्ध परंपरेत मैत्री भावना म्हणतात. कंपन्यांमध्ये ‘माइंडफुलनेस’ म्हणून जे शिकवतात ते पहिल्या दोहोंचं मिश्रण असतं.

प्राणायाम यात येत नाही. प्राणायामात आपण श्वास बदलतो, श्वासाच्या ध्यानात तो जसा आहे तसा बघतो. दोन्ही उपयोगी आहेत, पण पाच मिनिटं भस्त्रिका करून ‘ध्यान झालं’ म्हणणाऱ्या सत्रात ध्यान झालेलं नसतं.

‘मन रिकामं करा’ ही सूचनाही चुकीची आहे. मन भटकणारच. २०१० साली हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २,२५० माणसांना दिवसभरात अधूनमधून मोबाइलवर विचारलं, की आत्ता काय करताय आणि डोक्यात काय चाललंय. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. ध्यानातला खरा सराव एवढाच: मन गेलं, गेलेलं कळलं, परत आणलं. दहा मिनिटांत हे चाळीस वेळा घडलं तर चाळीस वेळा सराव झाला.

कामात याचा उपयोग कुठे?

जुन्या तराजूला पासंग असायचा. पारडी रिकामी असतानाच काटा एका बाजूला झुकलेला असेल, तर वजन करणारा कितीही प्रामाणिक असो, माप चुकायचंच. म्हणून शहाणा व्यापारी आधी रिकामा काटा स्थिर झालेला बघायचा आणि मगच माल घालायचा. साडेअकराच्या कॉलवर क्लायंट बोलला, त्याची चीड घेऊन बाराच्या अप्रेझलला बसलेला मॅनेजर समोरच्याचं वर्षभराचं काम झुकलेल्या काट्याने तोलतो. आपण असं करतोय हे त्याला कळतही नाही. त्याला आपल्या जबड्यातला ताण आणि छातीतली धडधड ओळखता आली, तर तो निदान म्हणू शकतो, ‘पाच मिनिटं थांबू या.’

शरीराच्या बाजूने हे असं चालतं. धोका वाटला की सिम्पथेटिक मज्जासंस्था, म्हणजे शरीराची धावपळीसाठी सज्ज करणारी यंत्रणा, हृदयाचे ठोके वाढवते आणि श्वास उथळ करते. शांत करणारी यंत्रणा वेगळी, आणि तिच्यापर्यंत पोचायचा सर्वात सोपा मार्ग उच्छ्वास. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. म्हणून घेण्यापेक्षा सोडणं लांब ठेवलं की मिनिटा-दोन मिनिटांत फरक जाणवतो. विश्रांतीत आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. चार आकडे मोजत घेतला आणि सहा आकडे मोजत सोडला, तर ते सहापर्यंत येतं. हा तातडीचा उपाय झाला. रागाची चाहूल आधीच लागणं हे मात्र रोजच्या सरावाशिवाय येत नाही.

ऑफिसात ध्यान आणलं कोणी?

बहुतेकांना वाटतं कॅलिफोर्नियाने. गूगलमध्ये २००७ साली असं प्रशिक्षण सुरू झालं हे खरं, आणि त्याआधी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम आखला, तोच आज जगभर वापरला जातो. पण त्याच्या कितीतरी आधी हा प्रयोग रंगूनच्या एका सरकारी हिशेब कार्यालयात झाला होता. सयाजी ऊ बा खिन १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल झाले. १९५० मध्ये त्यांनी आपल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी विपश्यनेचा गट सुरू केला आणि १९५२ मध्ये शहरात ध्यान केंद्र उभं केलं. एकाच वेळी अनेक खात्यांची जबाबदारी सांभाळत ते शिकवत राहिले.

१९५५ मध्ये त्यांच्याकडे एक भारतीय वंशाचा उद्योजक अर्धशिशीच्या असह्य दुखण्यापायी आला. ते सत्यनारायण गोएंका. १९६९ मध्ये ते भारतात आले, आणि कसारा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या इगतपुरीत धम्मगिरीचं केंद्र १९७६ पासून उभं राहिलं. मुंबईजवळच्या गोराईचा विपश्यना पॅगोडा २००९ चा. राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना या शिबिरांसाठी रजेची सोयही करून दिली आहे.

त्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिली गोष्ट काय असते, ते बघा. श्वास नाही, पाच शीलं. हिंसा नाही, चोरी नाही, खोटं नाही, व्यभिचार नाही, नशा नाही. त्यानंतर तीन दिवस आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता बघणं, मग विपश्यना. पतंजलीच्या अष्टांगातही ध्यान सातव्या क्रमांकावर येतं. पहिला यम, म्हणजे वागणुकीचे नियम, आणि त्यात अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं). बुद्धाच्या आठ अंगांच्या मार्गात सम्यक स्मृती, म्हणजे सजगता, आहे तशी सम्यक आजीविकाही आहे, म्हणजे पोट कसं भरायचं याची अट. हिशेब तपासणाऱ्या कार्यालयात ध्यान शिकवणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

दहा मिनिटांचं आनापान, खुर्चीवर

वेळ आधी ठरवा. सकाळी लॅपटॉप उघडण्याआधीची किंवा जेवणाआधीची वेळ उत्तम. जेवणानंतर लगेच बसलात तर झोप येणार, त्यात तुमचा दोष नाही.

चाकांची खुर्ची असेल तर ती भिंतीला टेकवा, म्हणजे सरकणार नाही. पुढच्या निम्म्या भागावर बसा, पाठ टेकवू नका. पावलं पूर्ण जमिनीवर. पोचत नसतील तर खाली कागदाचं रीम किंवा बॅग ठेवा. गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली असले की कणा आपोआप सरळ राहतो. हात मांड्यांवर सैल. हनुवटी थोडी आत. चष्मा काढा. मोबाइलचे नोटिफिकेशन बंद करून दहा मिनिटांचा टायमर व्हायब्रेटवर लावा आणि फोन टेबलावर पालथा ठेवा. टायमर हवाच, नाहीतर घड्याळ बघण्यातच निम्मा वेळ जातो.

डोळे मिटा. तोंड बंद, दात एकमेकांवर दाबलेले नकोत. तीन श्वास जरा लांब सोडा आणि मग श्वासावरचा ताबा सोडून द्या. आता लक्ष नाकपुड्यांच्या तोंडाशी आणि वरच्या ओठाच्या वर, मिशीच्या जागी. आत जाताना हवा थोडी गार लागते, बाहेर येताना कोमट. एसीच्या खोलीत हा फरक लवकर कळतो. उजव्या नाकपुडीतून जास्त येतोय की डाव्या, एवढंच बघायचं. काहीच जाणवत नसेल तर दोन-चार श्वास जरा जोरात घ्या आणि पुन्हा सैल सोडा.

मन जाईल. दुपारच्या डेमोवर जाईल, मुलाच्या फीवर जाईल, एसीच्या घरघरीवर जाईल. गेलं हे ज्या क्षणी कळलं त्या क्षणी परत या, स्वतःला न दटावता. पहिल्या आठवड्यात लक्ष अजिबात ठरत नसेल तर उच्छ्वास मोजा, एक ते दहा, मग पुन्हा एकपासून. मोजता मोजता सतरावर पोचलात तर मन कधीच निघून गेलं होतं, पुन्हा एक. टायमर वाजल्यावर लगेच फोन उचलू नका. डोळे उघडून तीस सेकंद तसेच बसा.

पहिला आठवडा पाच मिनिटं, दुसऱ्यापासून दहा, जमलं तर महिन्याभराने वीस. रविवारी एकदम तास आणि बाकी सहा दिवस शून्य यापेक्षा रोजची पाच मिनिटं बरी.

काय बिघडतं आणि का

चक्कर किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर तुम्ही नकळत खोल आणि भराभर श्वास घेताय. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याने तसं होतं. डोळे उघडा, श्वास आपल्या आपण चालू द्या, दोन मिनिटांत थांबेल. कपाळ दुखायला लागलं तर भुवया आवळून नाकाच्या शेंड्याकडे बंद डोळ्यांनीच रोखून बघितलं जातंय. नजर सैल सोडा. पेंग येत असेल तर डोळे अर्धवट उघडून हातभर अंतरावर जमिनीकडे बघा. तरीही येत असेल तर झोप कमी पडतेय, आणि झोपेची उधारी ध्यानाने फिटत नाही.

रबाळे किंवा तळोज्याच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीत काम करणाऱ्याने डोळे मिटून बसूच नये. त्याने ब्रेकमध्ये दहा-बारा पावलांच्या अंतरात सावकाश येरझाऱ्या घालाव्यात, लक्ष तळपायावर: टाच टेकली, चवडा टेकला, उचलला. आणि चालू मशीनवर असताना कसलंही ध्यान नको. गोरा कुंभाराची कथा आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. भजनात देहभान हरपलेल्या गोरोबाकाकांच्या पायाखाली चिखलात रांगत आलेलं मूल सापडलं. भक्तीच्या वाटेवर त्या तल्लीनतेला फार मोठं स्थान आहे, पण कारखान्यात लागते ती आजूबाजूचं भान वाढवणारी सावधानता. दोन्हींची गल्लत इथे जिवावर बेतू शकते. घोडबंदर रोडवर गाडी चालवताना कानात मार्गदर्शित ध्यान लावणंही त्यातच आलं.

ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, तर ठाणे ते वाशी साधारण अर्धा तास हाताशी असतो. उभे असाल तर डोळे उघडे, पाकीट पुढच्या खिशात आणि लक्ष पावलांवर.

‘पण पुरावा काय?’

आहे, बेताचा. २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ४७ चाचण्यांचा, मिळून ३,५१५ माणसांचा, एकत्र आढावा घेतला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यान कार्यक्रमांचा मध्यम पुरावा असलेला, छोटा ते मध्यम फायदा दिसला. एकाग्रता आणि झोप यांबद्दल ठाम काही म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. व्यायामासारख्या इतर सक्रिय उपायांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचंही दिसलं नाही. म्हणजे संध्याकाळी उपवनला तासभर भरभर चालणाऱ्याने ते सोडून ध्यानाला बसायचं कारण नाही.

कार्यालयांबद्दलचा निष्कर्ष अधिक बोचरा आहे. ऑक्सफर्डच्या एका संशोधकाने ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. हा अभ्यास २०२४ मध्ये आला. माइंडफुलनेस, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, ॲप अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेतलेले आणि न घेतलेले, यांच्या मानसिक स्वास्थ्यात चांगला म्हणावा असा फरक नव्हता. थोडा फायदा दिसला तो स्वयंसेवी कामाची संधी मिळालेल्यांत. हे एका वेळचं सर्वेक्षण होतं, त्यामुळे मुळात जास्त त्रासलेलेच ध्यानाला गेले असतील ही शक्यता उरते. तरीही कंपनीने ॲपचं सदस्यत्व वाटलं म्हणजे जबाबदारी संपली, असं यानंतर कोणाला म्हणता येऊ नये.

‘माणूस थंड पडतो का?’

मालकांना ही भीती वाटते आणि ती अगदीच निराधार नाही. २०१८ च्या काही प्रयोगांत ध्यानानंतर लगेच कंटाळवाणं काम दिलं, तेव्हा लोकांची ते करायची उमेद कमी झालेली दिसली; कामाची प्रत मात्र घसरली नाही. त्यातून साधी गोष्ट घ्यायची: टार्गेटच्या मीटिंगआधी लोकांना पेटवायला ध्यान ठेवू नका. अवघड निर्णय, तक्रारीचा कॉल किंवा कोणाला वाईट बातमी सांगायची असेल, त्याआधी ठेवा.

‘हे धार्मिक आहे का?’

श्वास कोणत्याच धर्माचा नाही. पण खोलीत एखादी मूर्ती, मंत्र किंवा गुरूंचा फोटो आला की काहींना अवघडल्यासारखं होणार, आणि बॉससमोर ते तसं बोलणार नाहीत. कंपनीत या गोष्टी नसाव्यात. घरी ज्याने-त्याने नामस्मरण करावं, नमाज पढावी, वारी करावी. सावता माळ्याला मळा सोडून कुठे जावं लागलं नव्हतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

कोणी सांभाळून?

पॅनिक अटॅक येणाऱ्यांना श्वासावर लक्ष दिल्याने कधीकधी घाबरं होतं. त्यांनी तळपाय किंवा बाहेरचे आवाज निवडावेत. मोठा आघात, तीव्र नैराश्य, भास होणं किंवा बायपोलर आजार असेल, तर लांब मौन शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. शिबिराच्या अर्जात आजाराची माहिती विचारतात ती खरी भरावी. चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. सत्र घेणाऱ्याने ‘रडू येतंय, येऊ दे’ म्हणून सोडून देऊ नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर दिवसरात्र मिळते. हा क्रमांक सत्राच्या खोलीबाहेर लावावा.

कंपनीने ठेवायचंच तर

वर्षातून एकदाचा कार्यक्रम, बॅनर आणि ग्रुप फोटो यातून कोणालाच काही मिळत नाही. आठ आठवडे ठेवा. आठवड्यातून एकदा तासाभराचं शिकणं आणि रोज दहा मिनिटं, कामाच्या वेळेत, पगारी. लंच ब्रेकमधून कापलेली किंवा सहानंतरची नकोत. एका गटात पंधरा-वीस माणसं, त्याहून जास्त नाही, कारण प्रत्येकाची अडचण विचारता आली पाहिजे. हजेरीपट नको, अप्रेझलमध्ये उल्लेख तर नकोच. सक्तीने बसवलेला माणूस दहा मिनिटं फक्त घड्याळ ऐकतो. मॅनेजर आणि त्याच्या हाताखालची माणसं पहिल्यांदाच एकाच गटात घालू नका. साहेबांसमोर डोळे मिटायलाही धीर लागतो. हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीच्या कंत्राटी लोकांनाही बोलवा. दिवसभर उभं राहणारे तेच असतात.

आता गाळलेल्या अटींकडे. अहिंसा कंपनीत आणायची तर रात्री आठनंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर काम टाकणं बंद करावं लागेल. सत्य आणायचं तर दहा आठवड्यांचं काम सहात देतो असं क्लायंटला सांगून तो खड्डा टीमच्या शनिवार-रविवारने भरणं थांबवावं लागेल. अस्तेय तर कागदावर मोजता येतं. वागळे इस्टेटमधल्या छोट्या वर्कशॉपवाल्याचं बिल किती दिवसांनी चुकतं होतं? सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. नव्वद दिवस बिल अडवून ठेवणाऱ्या कंपनीच्या ध्यानकक्षाला त्या वर्कशॉपवाल्याने काय म्हणावं?

आणि मीटिंगा. तासाची मीटिंग पन्नास मिनिटांची, अर्ध्या तासाची पंचवीसची करा. कॅलेंडरमध्ये तशी सेटिंग एकदाच करावी लागते. उरलेल्या वेळात कोणी श्वास बघेल, कोणी पाणी पिईल, कोणी बाथरूमला जाईल.

आठ आठवड्यांनी ‘सत्र आवडलं का’ असा फॉर्म पाठवू नका. सगळे हो म्हणतात. सक्ती नसताना किती जण येत राहिले ते बघा. आठनंतरचे मेसेज किती कमी झाले, सुट्टीचे किती अर्ज नाकारले, सोडून जाणाऱ्यांनी शेवटच्या मुलाखतीत काय कारण दिलं, किती बिलं ४५ दिवसांच्या आत गेली, हे आधीच्या आठ आठवड्यांशी ताडून पाहा आणि ते आकडे ज्या गटासोबत बसलात त्याच गटासमोर मांडा.